कपाट न उघडता झालेली चोरी आणि लुई ब्रँडाइस

सुरुवातीलाच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तेव्हा मराठीत चुका सापडल्या तर खुशाल हसा, पण लेख पूर्ण वाचा!

दहावीनंतरच्या सुट्टीतली गोष्ट. आमच्या शाळेच्या ऑफिसमधली एक एक्सेल फाईल बाहेर गेली. सगळ्या वर्गाची नावं, जन्मतारखा, पत्ते, पालकांचे मोबाईल नंबर, वार्षिक उत्पन्न, अगदी स्कूल बसचा स्टॉपसुद्धा त्यात होता. आधी क्लासवाल्यांचे फोन सुरू झाले. ते एक वेळ ठीक होतं. मग माझ्या मैत्रिणीच्या घरी एका अनोळखी माणसाचे फोन येऊ लागले. त्याला तिचं नाव, तुकडी, स्टॉप सगळं माहीत होतं. परिणाम काय, तर तिच्या बाबांनी तिचं एकटीने बाहेर जाणंच बंद केलं. पालक शाळेत भांडायला गेले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की आमच्याकडचं काहीच गेलेलं नाही, सगळी रजिस्टरं कपाटात जागच्या जागी आहेत.

रजिस्टरं खरंच जागेवर होती. मग गेलं काय? या प्रश्नावर आपलं निम्मं आयुष्य विचार करणारा एक माणूस शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत होऊन गेला, हे मला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं. तो इंजिनिअर नव्हता, वकील होता. नाव लुई ब्रँडाइस.

ब्रँडाइस यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५६ चा, केंटकी राज्यातल्या लुईव्हिल गावचा. आईवडील प्रागहून आलेले ज्यू. घरात पुस्तकं, संगीत आणि राजकारणाच्या गप्पा. वकील असलेल्या मामांवर लुईचा एवढा जीव की त्याने स्वतःचं मधलं नाव बदलून मामांचं आडनाव, डेम्बिट्झ, घेतलं. वडिलांचा धंदा मंदावला तेव्हा कुटुंब काही वर्षं युरोपात राहिलं, तिथे ड्रेस्डेनला थोडं शिक्षण झालं. परत आल्यावर कॉलेजची पदवी नसतानाच १८७५ मध्ये स्वारी थेट हार्वर्डच्या लॉ स्कूलला दाखल झाली.

हॉस्टेलवाल्यांना आवडेल असा भाग आता येतो. अभ्यास करून करून त्यांचे डोळे इतके बिघडले की डॉक्टरांनी वाचन कमी करायला सांगितलं. मग मित्र मोठ्याने वाचायचे आणि हे ऐकून लक्षात ठेवायचे. असं ऐकून ऐकून ते १८७७ मध्ये वर्गात पहिले आले! पदवीसाठी एकवीस वर्षं पूर्ण हवीत असा नियम होता आणि यांचं वय वीस. खास ठराव करून पदवी द्यावी लागली. (मीही वीसचीच आहे. माझ्यासाठी कोणी ठराव करेल असं वाटत नाही.)

वर्गात दुसरा आलेला सॅम्युअल वॉरन हा त्यांचा मित्र. दोघांनी १८७९ मध्ये बोस्टनला वकिलीचं ऑफिस टाकलं. वॉरन श्रीमंत घरचा, सासरे सिनेटर. त्यामुळे घरच्या मेजवान्यांच्या बातम्या पेपरात यायच्या आणि वॉरनसाहेब चिडायचे. पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं की वॉरनच्या मुलीच्या लग्नाची बातमी छापली गेली म्हणून हे सगळं सुरू झालं. साफ खोटं! त्या वेळी ती मुलगी जेमतेम सहा-सात वर्षांची होती.

खरं कारण जास्त करून टेक्नॉलॉजीचं होतं. १८८८ मध्ये ईस्टमनने कोडॅक कॅमेरा काढला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंचा रोल. तोपर्यंत फोटो काढायचा तर माणसाला स्वतःहून स्टुडिओत जाऊन हलू न देता बसावं लागे. आता रस्त्यावर कोणीही, कोणाचाही, न विचारता फोटो काढू शकत होता. १५ डिसेंबर १८९० च्या ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये वॉरन आणि ब्रँडाइस यांचा लेख आला, विषय खासगीपणाचा हक्क. ब्रँडाइस तेव्हा ३४ वर्षांचे होते.

त्या लेखात ज्या जुन्या खटल्यांचा आधार घेतला होता, त्यातला एक तर मला आजचाच वाटतो. राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा अल्बर्ट यांनी घरगुती हौस म्हणून काही चित्रं धातूच्या प्लेटवर कोरली होती. छापून घ्यायला त्या प्लेट विंडसरच्या एका छापखान्यात दिल्या. तिथल्या एका कामगाराने गुपचूप जास्तीच्या प्रती काढल्या. त्या फिरत फिरत स्ट्रेंज नावाच्या प्रकाशकाकडे गेल्या आणि त्याने प्रदर्शन भरवायचं ठरवलं, कॅटलॉगही छापला. प्लेट राणीकडे सुखरूप परत आलेल्या! म्हणजे वस्तू म्हणून काहीच चोरीला गेलं नव्हतं. तरी १८४९ मध्ये कोर्टाने नुसतं प्रदर्शन नाही, तर चित्रांची यादी असलेला कॅटलॉगसुद्धा थांबवला. आपल्या भाषेत सांगायचं तर मेटाडेटासुद्धा!

वॉरन-ब्रँडाइस यांचं म्हणणं असं की कोर्ट इथे वरवर मालमत्तेची भाषा बोलतंय, पण वाचवतंय मालमत्ता नाही, माणूस. आपल्याबद्दलची कोणती गोष्ट कोणापर्यंत जावी हे ज्याचं त्याने ठरवायचं. एकाला एका कामासाठी सांगितलेली गोष्ट सगळ्या जगाला सांगितली असं होत नाही.

कोर्टांना हे लगेच पटलं असं मात्र नाही. न्यूयॉर्कमधल्या एका तरुण मुलीचा फोटो पिठाच्या कंपनीने न विचारता जाहिरातीवर छापला, तब्बल २५,००० प्रती. १९०२ मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की असा हक्क कायद्यात नाही. लोक इतके भडकले की पुढच्याच वर्षी विधिमंडळाला कायदा करावा लागला. १९०५ मध्ये जॉर्जियाच्या कोर्टाने हा हक्क मान्य केला.

मधल्या काळात ब्रँडाइस खूप मोठे वकील झाले. रेल्वे कंपन्या, बँका, विमा कंपन्या यांच्याशी लढले, पुष्कळदा फी न घेता. १९०८ मध्ये लाँड्रीत राबणाऱ्या बायकांच्या कामाच्या तासांवरून खटला होता. त्यात त्यांनी कायद्याची दोन पानं आणि डॉक्टर-इन्स्पेक्टर लोकांच्या अहवालांची शंभरावर पानं कोर्टात दिली. आपल्या सबमिशनसारखं वजन! गंमत म्हणजे खासगीपणाचा हा पुरस्कर्ता बँकांच्या बाबतीत उलट बोलायचा, की त्यांचे व्यवहार उघड्यावर आणा. मला यात विरोध दिसत नाही. ज्याच्या हातात दुसऱ्यांचे पैसे आहेत त्याने हिशोब दाखवावा. ज्याच्या हातात दुसऱ्यांची माहिती आहे त्यानेही दाखवावा.

२८ जानेवारी १९१६ ला प्रेसिडेंट विल्सन यांनी सुप्रीम कोर्टासाठी त्यांचं नाव सुचवलं आणि गदारोळ उठला. आधीचे प्रेसिडेंट टाफ्ट विरोधात होते. ब्रँडाइस ज्यू होते, हे कारण काही बोलत होते, काही बोलत नव्हते. चार महिने घोळ चालला. शेवटी ४७ विरुद्ध २२ मतांनी ते कोर्टाचे पहिले ज्यू न्यायाधीश झाले.

मग आला १९२८ चा ओल्मस्टेड खटला. सिएटलमध्ये दारूबंदी असताना चोरटी दारू विकणारी टोळी होती. सरकारी माणसांनी महिनोन् महिने त्यांचे फोन ऐकले. घरात पाऊल न टाकता, रस्त्यावरच्या आणि ऑफिस-इमारतीच्या तळघरातल्या वायरींना तार जोडून! तोपर्यंत सरन्यायाधीश झालेल्या टाफ्ट यांनी निकाल दिला की घरात कोणी शिरलं नाही, वस्तू नेली नाही, म्हणजे झडती झालीच नाही. पाच विरुद्ध चार. माझ्या शाळेचं उत्तर याहून वेगळं होतं का?

ब्रँडाइस अल्पमतात होते. त्यांनी लिहिलं की कायद्याने दरवाजा आणि कुलूप बघत बसू नये. पुढे विज्ञान असं काही काढेल की ड्रॉवरमधले कागद न हलवता ते कोर्टात हजर करता येतील. पहिल्या मसुद्यात तर त्यांनी टेलिव्हिजनचाही उल्लेख केला होता! कॉम्प्युटर यायच्या आधी या माणसाला कॉपी-पेस्ट कळलं होतं. त्यांचं म्हणणं बहुमताला पटायला १९६७ साल उजाडलं.

पण याच ब्रँडाइस यांनी १९२७ मध्ये, एका तरुणीची जबरदस्तीने नसबंदी करायला परवानगी देणाऱ्या निकालावर बहुमताबरोबर सही केली होती. हे वाचून मला धक्का बसला. वायरीतला आवाज जपणाऱ्याला तिचं शरीर कसं दिसलं नाही?

१९३९ मध्ये ते निवृत्त झाले, ५ ऑक्टोबर १९४१ ला वॉशिंग्टनला वारले. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्या पुट्टस्वामी निकालात १८९० च्या त्या लेखाची चर्चा आहे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झाला.

आणि त्यांच्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातली ही बातमी बघा. डिसेंबर २०२४ मध्ये पॉवरस्कूल या शाळांच्या सॉफ्टवेअर कंपनीतून कोट्यवधी मुलांची माहिती गेली, पत्ते आणि आजारपणाच्या नोंदींसकट. एक चोरलेला पासवर्ड पुरला. पकडला गेला तो तिथलाच एकोणीस वर्षांचा कॉलेजचा मुलगा, २०२५ मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. कंपनीने माहिती नष्ट करण्यासाठी खंडणी दिली होती. तरी काही महिन्यांनी शाळांना पुन्हा धमक्या आल्याच. प्रत परत मिळत नाही. राणीच्या छापखान्यासारखंच आहे हे.

मग अशा वेळी हातात काय उरतं? गेलेली माहिती निकामी करणं. पासवर्ड बदलायचा, आणि तोच दुसरीकडे वापरला असेल तर तिथेही. दुहेरी पडताळणी चालू करायची. आधारचं बायोमेट्रिक लॉक करायचं, झेरॉक्स मागितली तर चालत असेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्यायचं. आपली माहिती अचूक सांगणारा फोन आला तर तो खराच आहे असं धरायचं नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन. आणि आपल्या हॉस्टेलच्या मेसची यादी मोबाईल नंबरांसकट भिंतीवर लागते, ती उद्या कोणीतरी काढा राव!

माझ्या मैत्रिणीच्या घरच्यांनी नंबर बदलला, स्टॉपही बदलून घेतला. ती आता पुण्यात शिकते. जन्मतारीख मात्र तीच आहे, आणि ती फाईल अजून कोणाकडे तरी आहे.