प्राध्यापक शार्ल फाब्री आणि त्यांचे दोन आरसे

भिंतीवरच्या आरशांत आपण रोज तोंड पाहतों. परंतु आरसा मिळालेला सगळाच प्रकाश परत देत नाहीं, थोडासा गिळून टाकतो, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. या क्षुल्लक वाटणाऱ्या हानीचा ज्यांनीं बारकाईनें विचार केला आणि शास्त्राला एक अमोल साधन दिलें, त्या शार्ल फाब्री या फ्रेंच शास्त्रज्ञांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

फाब्री यांचा जन्म ११ जून १८६७ रोजीं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्सेय या बंदरांत झाला. पॅरिसच्या एकोल पोलितेक्निक या विख्यात विद्यालयांत शिकून १८९२ सालीं त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली, आणि १८९४ सालीं ते आपल्या जन्मगांवींच अध्यापक झाले. तेथें आल्फ्रेड पेरो हे त्यांच्याहून सुमारें चार वर्षांनीं वडील असलेले गृहस्थ काम करीत होते. फाब्रींचें चित्त सिद्धान्तांत व गणितांत रमे. पेरोंचा हात यंत्ररचनेंत कुशल. दोघांची जोडी जमली.

एकदां एका तरुण शास्त्रज्ञानें त्यांना विचारलें कीं, धातूच्या दोन पृष्ठांमधील अत्यंत सूक्ष्म अंतर मोजावें कसें? तेव्हां त्यांनीं कांचेवर चांदीचा इतका पातळ थर दिला कीं, बहुतेक प्रकाश परतावा, पण थोडा पलीकडे जावा. अशा दोन कांचा समोरासमोर अगदीं समांतर ठेविल्या म्हणजे आंत शिरलेला किरण त्यांच्यामध्यें येरझारा घालूं लागतो, आणि दर खेपेस थोडा थोडा बाहेर पडतो. बाहेर आलेल्या या लहरी एकमेकींशीं जुळल्या तर तेजस्वी कडी दिसते. न जुळल्या तर अंधार पडतो. कडी कोठें पडते हें पाहून अंतर मोजतां येतें, आणि अंतर ठाऊक असेल तर लहरीची लांबी काढतां येते.

परंतु कडी रेखीव नसेल तर मोजमाप कसलें? येथेंच आरशाच्या गुणाची कसोटी लागते. प्रकाशाच्या शंभर भागांपैकीं पन्नासच परतत असतील, तर थोड्याच खेपांत किरण संपतो, आणि कड्या रुंद व पुसट दिसतात. नव्वद परतले तर कडीची रुंदी लगतच्या दोन कड्यांमधील अंतराच्या सुमारें तिसाव्या भागाइतकी होते. नव्याण्णव परतले तर तीनशेंव्या भागाइतकी. नव्वद आणि नव्याण्णव यांत फरक अवघा नऊचा; पण न परतणारा भाग दहावरून एकावर आला, म्हणून रेखीवपणा दसपट वाढला. मग चांदीचा थर जाडच कां देऊं नये? कारण चांदी स्वतः प्रकाश शोषते. थर फार जाड केला तर कडी रेखीव होते खरी, पण इतकी मंद कीं डोळ्यांना दिसेनाशी होते. हा मध्य साधण्यांत फाब्री व पेरो यांचें चातुर्य होतें. १८९७ च्या सुमारास सिद्ध झालेलें हें साधन आजही दोघांच्या जोडनांवानेंच ओळखलें जातें.

पुढें १९०७ सालीं या दोघांनीं बेन्वा यांच्यासह एका मीटरमध्यें कॅडमियमच्या तांबड्या प्रकाशाच्या सुमारें १५,५३,१६४ लहरी मावतात असें निश्चित केलें. १९१३ सालीं फाब्री व आंरी ब्यूसाँ यांनीं वातावरणाच्या वरच्या भागांत ओझोन वायु असून तो सूर्याचे जंबुपार किरण अडवितो, हें दाखविलें. पेरो १९२५ सालीं वारले. फाब्री पॅरिसमध्यें प्राध्यापक व प्रकाशविद्येच्या नव्या संस्थेचे पहिले संचालक झाले. १९२७ सालीं फ्रेंच विज्ञान अकादमीनें त्यांना सभासद करून घेतलें. ११ डिसेंबर १९४५ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

त्यांचे दोन आरसे मात्र मागें राहिले. १९६० सालीं अमेरिकेंत मेमन यांनीं माणकाच्या कांडीच्या दोन्हीं टोकांस चांदीचा मुलामा देऊन पहिला लेझर प्रकाश निर्माण केला. चांदीऐवजीं निराळ्या पदार्थांचे पातळ थर एकावर एक देऊन तिच्याहून कितीतरी कमी प्रकाश गिळणारे आरसेही पुढें झाले. तशाच आरशांच्या जोड्या चार किलोमीटर अंतरावर ठेवून, त्यांत प्रकाशाला शेंकडों खेपा घालावयास लावून, २०१५ सालीं अमेरिकेंतील यंत्रांनीं गुरुत्वीय लहरी प्रथमच टिपल्या. आपल्या हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ तसेंच यंत्र उभारण्यास भारत सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली, हें वाचून कोणाला अभिमान वाटणार नाहीं?

विद्यार्थ्यांनो, शंभरांत नव्वद साधले म्हणजे काम झालें, असें आपणांस व आपल्या वडील माणसांसही पुष्कळदां वाटतें. फाब्रींचे आरसे सांगतात कीं, मिळालें किती एवढेंच पाहूं नये. वाया किती गेलें तेंही पाहावें. एका खेपेची हानी लहान दिसते, परंतु शंभर खेपांत तीच सर्व प्रकाश खाऊन टाकते. आपला अभ्यास, आपलें वचन आणि आपली प्रार्थना हींही रोजच्या खेपांचींच कामें आहेत. देवानें दिलेला प्रकाश कमींत कमी गमावून पुढें द्यावा, हीच आमची सर्वांस विनंती आहे.