मेजर गिलचा कॅमेरा

रॉबर्ट गिल हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांना 'अजिंठा' सिनेमामुळे माहीत आहे. २०१२ साली आलेला नितीन देसाईंचा हा सिनेमा ना. धों. महानोरांच्या त्याच नावाच्या दीर्घ कवितेवर आधारलेला. त्यामुळे गिल म्हटलं की आधी आठवते ती पारोची प्रेमकहाणी. तो अजिंठ्याची चित्रं काढायचा, हेही लोकांना माहीत असतं. पण तो फोटोग्राफर होता आणि आज त्याचं जे काम शिल्लक आहे त्यातलं बहुतेक कॅमेऱ्यातून आलेलं आहे, हे फारसं कोणी सांगत नाही. आपल्या होस्टेलवर रात्री ट्रायपॉड घेऊन गच्चीवर जाणाऱ्यांची संख्या हल्ली बरीच वाढली आहे, म्हणून या अंकासाठी मी गिलबद्दल लिहायचं ठरवलं.

दुसरं कारण माझं स्वतःचं. मी वाशिमची. गावाचं नाव सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, वाशी का? नवी मुंबईतलं? नाही हो, अकोल्याच्या खालचं, विदर्भातलं. कॉन्व्हेंटच्या पुस्तकात आम्हाला अजिंठा दोन ओळींत होता आणि वाशिम तर नव्हतंच. खरं म्हणजे जुनं वत्सगुल्म म्हणजेच आमचं वाशिम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. या शाखेच्या हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याची कितीतरी लेणी खोदली आणि रंगवली गेली. सोळा नंबरच्या लेण्यातला शिलालेख त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याचा आहे. म्हणजे गिल ज्या भिंतींसमोर आयुष्यभर उभा राहिला, त्यांचं आमच्या गावाशी जुनं नातं आहे.

गिलचा जन्म १८०४ चा, लंडनचा. साधारण आपल्याच वयात तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास आर्मीत भरती होऊन हिंदुस्थानात आला. हातात चित्रकला होती, पण नोकरी शिपाईगिरीची. इकडे १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या एका अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी अजिंठ्याची लेणी दिसली होती. पुढे जेम्स फर्ग्युसन हा वास्तुकलेचा अभ्यासक १८३९ मध्ये लेणी बघून गेला. चित्रं झडत होती, वटवाघळं आणि ओल होतीच, शिवाय बघायला येणारे लोक रंगाचे पोपडे काढून घेऊन जात होते. ती नाहीशी होण्याआधी त्यांच्या नकला करून घ्या, असं त्याने १८४३ मध्ये लंडनमध्ये मांडलं. कंपनीच्या डायरेक्टरांनी ते मानलं आणि १८४४ मध्ये या कामावर कॅप्टन गिलची नेमणूक झाली. तेव्हा तो चाळिशीचा होता.

तो अजिंठा गावातल्या बारादरीत राहायचा. तिथून लेणी दहा-बारा किलोमीटर. मध्ये घाट, जंगल, वाघ, आणि पावसाळ्यात हिवताप. लेण्यांमध्ये जेमतेम उजेड. अशा ठिकाणी त्याने मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला करायला सुरुवात केली. एकेक चित्र पूर्ण व्हायला महिनोन्‌महिने लागत. पूर्ण झालेली चित्रं गुंडाळून मुंबईला आणि तिथून जहाजाने लंडनला जात. असं जवळजवळ वीस वर्षं चाललं. आपली चार वर्षांची डिग्री आपल्याला किती लांब वाटते, ते आठवा!

१८५६ हे वर्ष त्याच्या आयुष्यात महत्त्वाचं. २३ मे १८५६ ला पारो गेली. अजिंठा गावात तिचं थडगं आहे, त्यावर ही तारीख आहे. आणि साधारण याच सुमारास गिलने कॅमेरा हातात घेतला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडून गोष्ट रचता येईल, पण मी ते करणार नाही. एवढं मात्र खरं, की इथून पुढे ब्रश आणि काच दोन्ही त्याच्यासोबत राहिले.

आता थोडं टेक्निकल. (कॉम्प्युटरवाल्यांनी कंटाळू नये!) त्या काळी चालणारी पद्धत म्हणजे वेट कोलोडियन. काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत जाऊन डेव्हलप करायची. प्लेट वाळली की काम संपलं. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात ती किती वेळ ओली राहणार? आपण रात्रीचे तारे टिपायला तीस सेकंदांचं एक्स्पोजर निवांत ठेवतो. लेण्याच्या अंधारात तर एक्स्पोजर लांबत जातं आणि तिकडे प्लेट वाळत असते. मॅग्नेशियमची तार जाळून त्या उजेडात फोटो घ्यायची सुरुवातसुद्धा १८६४ च्या सुमाराची.

गिलचे गाजलेले फोटो स्टिरिओस्कोपिक आहेत. दोन डोळ्यांत जेवढं अंतर असतं साधारण तेवढ्या अंतरावर दोन लेन्स, आणि त्यातून एकाच दृश्याची दोन चित्रं. ती खास चष्म्यासारख्या यंत्रातून पाहिली की खोली दिसते. लेण्यांसाठी याहून योग्य काय असणार? खांबांमागे खांब आणि त्यामागे गाभाऱ्यातला बुद्ध, ते सपाट फोटोत कळतच नाही. त्या जोडीतला एकेक फोटो साधारण तीन इंची. आज आपण ज्याला मीडियम फॉरमॅट म्हणतो, ती १९०१ मध्ये आलेली १२० नंबरची फिल्म, तिच्यावर सहा बाय सहा सेंटिमीटरचा चौकोन मिळतो. म्हणजे गिलची काच त्याच कुळातली, जराशी मोठी.

१८६४ मध्ये लंडनमध्ये त्याच्या फोटोंची दोन पुस्तकं निघाली. मजकूर फर्ग्युसनचा. एकात अजिंठा-वेरूळकडच्या लेण्यांचे ७४ फोटो, दुसऱ्यात १०० स्टिरिओ फोटो. छापखान्यात फोटो छापायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून प्रत्येक प्रतीत खरे प्रिंट चिकटवलेले होते. गिल फक्त लेण्यांपाशी थांबला नाही. आमच्या रिसोडवरून पुढे गेलं की लोणार लागतं, तिथल्या देवळांचेही फोटो त्याने काढले आहेत. हेमाडपंती देऊळ आणि भोवती झाडी, असा वऱ्हाडचा मुलूख दाखवणारे हे फार सुरुवातीचे फोटो.

कुणी म्हणेल, कॅमेरा होता तर मग चित्रं रंगवत कशाला बसला? कारण कॅमेऱ्याला चित्रं दिसतच नव्हती! कोलोडियनला निळा प्रकाश कळतो, लाल आणि पिवळा जवळपास कळत नाही. अजिंठ्याच्या चित्रांत गेरू आणि पिवळी माती भरपूर. ते सगळं फोटोत काळपट येणार. वर अंधार. त्यामुळे गिलच्या फोटोंत दर्शनी भाग, खांब आणि मूर्ती आहेत. रंग मात्र हातानेच उतरवावा लागला.

आणि तोच गेला. त्याची चित्रं लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली होती. ३० डिसेंबर १८६६ ला तिथे आग लागली आणि दोन दशकांचं काम जळालं. मोजकीच चित्रं वाचली. गिल तेव्हा बासष्ट वर्षांचा, इथे, हजारो मैल लांब. आग विझवायला जाणं तर सोडाच, राख बघायलाही तो जाऊ शकत नव्हता. माणूस सगळं सोडून घरी गेला असता तरी कोणी नावं ठेवली नसती. गिल गेला नाही. तो याच भागात राहिला, पुढेही लेण्यांचे आणि देवळांचे फोटो काढत राहिला. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. रेल्वेने मुंबईला जाताना आपण सगळेच तिथून जातो.

त्याच्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही कितीतरी १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. शिवाय नकला करताना मूळ चित्रांवर जे वार्निश लावलं गेलं, ते पुढे पिवळं पडलं आणि चित्रं आणखी धूसर झाली. म्हणजे वाचवायला गेलेल्या हातांनीही थोडं नुकसान केलं. फ्लॅश आज तिथे बंद आहे तो उगाच नाही. १९९१ मध्ये बिनॉय बहल यांनी उपलब्ध मंद उजेडात, लांब एक्स्पोजर देऊन, रंगीत फिल्मवर ही चित्रं टिपली. गिलच्या काचेला जे जमण्यासारखं नव्हतं, ते सव्वाशे वर्षांनी शक्य झालं.

गिलचे फोटो मात्र टिकले. ते चित्रांपेक्षा श्रेष्ठ होते म्हणून नाही. चित्र एकच होतं आणि एकाच इमारतीत टांगलेलं होतं. फोटोच्या एका निगेटिव्हमधून कितीतरी प्रिंट निघाले, ते पुस्तकांतून वेगवेगळ्या घरांत, लायब्ररींत गेले. एक आग ते सगळे जाळू शकली नाही. मला यात हळहळ जास्त वाटते, कारण त्याने सगळ्यात जास्त जीव ज्यात ओतला तेच नेमकं एकटं होतं.

आपल्याकडे हार्डडिस्क उडाली की पूर्ण विंगमध्ये सुतक असतं. सेमिस्टरभर काढलेले फोटो एकाच जागी ठेवलेले असतात. तेव्हा मित्रांनो, या वर्षी गच्चीवरून आकाशगंगा टिपाल, लोणारच्या काठावर रात्र जागवाल, तर त्या फोटोंच्या प्रती वाटा. रूममेटला द्या, घरी पाठवा, थोडे कागदावर प्रिंट करून घ्या. कॉलेजच्या लायब्ररीतही एक संच ठेवा. आणि अजिंठ्याला गेलात तर सोळा नंबरच्या लेण्यात दोन मिनिटं थांबा. तिथल्या शिलालेखात ज्या राजाचं नाव आहे, तो आमच्या वाशिमचा होता.