थॉमस टेलफर्ड

स्कॉटलंडच्या दक्षिणेस एस्क नदीचे खोरे आहे. तेथे ग्लेंडिनिंग या ठिकाणी ९ ऑगस्ट १७५७ रोजी एका मेंढपाळाच्या घरी थॉमस टेलफर्डचा जन्म झाला. त्याच वर्षी त्याचे वडील वारले. आईने मोठ्या कष्टाने त्याला वाढविले. मुलगा मेंढ्यांमागे हिंडे आणि उसनी पुस्तके आणून वाची. पुढे तो एका पाथरवटाच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. हात बसल्यावर त्याने वडिलांच्या थडग्यावरील दगड स्वतः घडविला. परगावी गेल्यावर आईला पत्र लिहिताना तो छापल्यासारखी सुटी अक्षरे काढी, म्हणजे तिला ती सहज वाचता येत.

हा पाथरवट पुढे इंग्लंडातील श्रॉपशर परगण्याच्या बांधकामांचा अधिकारी झाला व त्याचे पूल नावाजले गेले. १८०१ मध्ये सरकारने त्याला स्कॉटलंडच्या उत्तरेकडील हायलंड्स या डोंगराळ मुलखाची पाहणी करण्यास सांगितले.

त्या मुलखात पूर्वी सैन्यासाठी काही रस्ते काढलेले होते; पण त्यांचे चढ अवघड होते, आणि गावकऱ्यांची सोय पाहून ते आखलेले नव्हते. ओढ्यांना पूल नसत. पोटासाठी माणसे देश सोडून अमेरिकेस चालली होती. रस्ते हवेत हे सर्वांना पटत होते. पैसा कोणी द्यावा, एवढाच प्रश्न होता! १८०३ मध्ये ठरले, की निम्मा खर्च सरकारने सोसावा व निम्मा तेथील जमीनदारांनी. अशी वाटणी झाल्यामुळे कोणा एकावर भार पडला नाही व काम मार्गी लागले.

सुमारे अठरा वर्षांत ९२० मैल रस्ते आणि लहानमोठे हजाराहून अधिक पूल झाले. १८०९ मध्ये डॉर्नकच्या खाडीत माणसांनी खच्चून भरलेली नाव बुडून ९९ जण प्राणास मुकले. १८१२ मध्ये त्याच खाडीच्या वरच्या अंगास बोनर येथे टेलफर्डचा लोखंडी पूल उभा राहिला. १८१९ पासून टपालगाडी थेट उत्तर टोकाच्या थर्सो गावापर्यंत धावू लागली.

टेलफर्डला मात्र याहून मोठी वाटे ती दुसरीच गोष्ट. कामावर आलेल्या कित्येक मजुरांना आरंभी पहार नीट धरता येत नसे. रस्त्यांवर व कालव्यावर राबता राबता ते कसबी कारागीर होत. या कामांना तो मजुरांची शाळाच समजे. मला तर त्याच्या सर्व पुलांपेक्षा ही शाळाच अधिक मोलाची वाटते.

रस्त्यांनी सारी दुःखे फिटली नाहीत. पुष्कळ जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळांना घरांतून हुसकावले, आणि परदेशी जाणारी जहाजे भरतच राहिली. ते थांबविणे टेलफर्डच्या हाती नव्हते.

२ सप्टेंबर १८३४ रोजी लंडन येथे तो मरण पावला. थोरामोठ्यांच्या पंक्तीत, वेस्टमिन्स्टर ॲबीत, त्याला पुरण्यात आले. त्याने लग्न केले नव्हते. आपल्या मृत्युपत्रात त्याने एस्कच्या खोऱ्यातील दोन ग्रंथालयांना पुस्तकांसाठी पैसा ठेवला होता.