उथळ खाचांचा कारागीर : विल्यम मेटफर्ड

कित्येक जुन्या घरांत आजोबा-पणजोबांची दुनळी रायफल कापडात गुंडाळून जपलेली असते. ती रिकामी असल्याची खात्री करून कोणी उजेडाकडे धरतो, नळीत डोकावतो आणि आतले आटे पुसट दिसले की मान हलवून सांगतो, नळी गेली. हा निवाडा पुष्कळदा खरा असतो. पण एका माणसाने आखलेल्या नळ्यांच्या बाबतीत तो साफ चुकू शकतो. तो माणूस म्हणजे विल्यम एलिस मेटफर्ड.

मेटफर्डचा जन्म १८२४ साली इंग्लंडात टॉन्टन येथे एका वैद्याच्या घरी झाला. शिक्षण आटोपल्यावर त्याने रेल्वेच्या इंजिनिअरीत उमेदवारी केली आणि अनेक वर्षे लोहमार्गांच्या आखणीत घालविली. मोजमापाची त्याला जात्याच आवड. जमीन मोजण्याच्या थिओडोलाइट यंत्रातही त्याने सुधारणा केल्या. १८५७ साली तो ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीवर हिंदुस्थानात आला आणि मुंगेरला पोहोचतो तोच उठावाचा वणवा पेटला. तेथील इंग्रजांच्या बचावाच्या तयारीत त्याने भाग घेतला. ते श्रम आणि येथील हवा यांनी त्याची प्रकृती कायमची खालावली. वर्षभरात तो मायदेशी परतला आणि इंजिनिअरीचा धंदा त्याला सोडावा लागला.

धंदा सुटला, पण हात रिकामा राहिला नाही. लहानपणापासूनचा रायफलीचा नाद आता त्याचे जीवितकार्य बनला. त्याची फुटणारी गोळी सरकारने १८६३ साली स्वीकारली. पुढे १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग येथील जाहीरनाम्याने युद्धात अशा गोळ्या वर्ज्य ठरल्या. मात्र त्याचे खरे काम वेगळेच होते.

त्या काळी गोळीला फिरकी मिळावी म्हणून नळीत खोल खाचा कोरीत. काळ्या दारूची काजळी त्या खाचांत साचे आणि थोड्याच बारांनंतर नेम बिघडे. मेटफर्डने ओळखले की खोल खाचांची गरजच नाही. कडक केलेल्या शिशाची गोळी दारूच्या धक्क्याने बुडाशी फुगते व अगदी उथळ खाचही घट्ट पकडते. खाचेच्या कडा गोलसर ठेवल्या की काजळीला थारा मिळत नाही. १८६५ साली त्याने या रचनेचे पेटंट घेतले. विम्बल्डनच्या नेमबाजीत त्याच्या रायफलींनी वर्षानुवर्षे बक्षिसे जिंकली. ब्रिस्टलचे कारागीर जॉर्ज गिब्ज यांनी त्याच्या पद्धतीच्या शिकारी रायफली बनविल्या. १८८८ साली ब्रिटिश फौजेने लष्करी रायफल घेतली, तिच्या नळीत मेटफर्डच्याच सात खाचा होत्या. लीच्या नावाशी त्याचे नाव जोडले जाऊन ती ली-मेटफर्ड झाली.

आणि येथेच दैव फिरले. काही वर्षांतच काळ्या दारूची जागा कॉर्डाइटने घेतली. तिच्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन. जळताना उष्णता विलक्षण. काजळीवर मात करणाऱ्या त्या उथळ, गोलसर खाचा या धगीपुढे लवकर झिजू लागल्या. १८९५ साली फौजेने एनफिल्डच्या खोल, चौकोनी कडांच्या पाच खाचा पत्करल्या आणि मेटफर्डचे नाव रायफलीवरून उतरले. चार वर्षांनी, १८९९ साली, तो ब्रिस्टलला वारला.

पण यात मेटफर्डची चूक कोठे होती? एका तारेसाठी लावलेली जवारी दुसऱ्याच जाडीच्या तारेखाली बिघडावी, तसाच हा प्रकार. त्याने दारू ओळखून नळी घडविली होती. पुढे दारूच बदलली.

म्हणून जुन्या नळीची पारख करताना आधी ती कोणत्या पद्धतीची आहे, हे पाहावे. मेटफर्डच्या खाचा नव्या असतानाही डोळ्यास पुसटच दिसतात. मग नळी स्वच्छ करून दोन्ही टोकांकडून पाहावे. काडतुसाच्या घरापुढील भाग खरबरीत, भाजल्यासारखा दिसला तर ती धगीची झीज. तोंडाशी एकाच बाजूस खाच पुसली असेल तर तो बेफिकिरीने चालविलेल्या गजाचा प्रताप. सगळीकडे बारीक खड्डे असतील तर जुन्या टोप्यांतील क्षार आणि आळस यांनी आणलेला गंज. दुनळीत दोन्ही नळ्या वेगवेगळ्या तपासाव्यात. पुढचा घोडा बहुधा उजव्या नळीचा असतो, म्हणून तीच जास्त वापरलेली निघते. तेल लावलेली मऊ शिशाची गोळी जाणत्या कारागिराकडून नळीतून ठोकून काढावी आणि तिचे माप घ्यावे. डोळ्यापेक्षा ते माप अधिक खरे बोलते. अखेरचा निकाल मात्र निशाणाच्या फळीवर लागतो. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या जवळ जवळ आणि सरळ लागल्या, तर दिसण्यावर जाण्याचे कारण नाही.

पुसट दिसते म्हणून वाड्यातील एखादी दुनळी मोडीत काढण्यापूर्वी एवढी चौकशी व्हावी. न पेक्षा नळी धड असते आणि पारख करणाराच झिजलेला ठरतो.