गुलाम आईच्या लेकाचे व्हायोलिन

कला ही वरच्यांचीच मिरास, असे व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये या खोटेपणाला एका माणसाने तडा दिला. जोसेफ बोलोन, शेव्हालिए द सँ-जॉर्ज हे त्यांचे नाव. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वस्त्यांत पेटी-ढोलकीवर भीमगीते ऐकत वाढलेल्या आम्हाला हे चरित्र परके वाटत नाही.

१७४५ साली ग्वाडेलूप या फ्रेंच वसाहतीत ते जन्मले. वडील गोरे मळेमालक, आई नॅनों कृष्णवर्णीय गुलाम. आई गुलाम तर मूलही गुलाम, असा १६८५ चा तिथला राजकायदा. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणारा हा त्यांचा मनूच!

वडिलांनी त्यांना फ्रान्समध्ये शिकविले. तलवारबाजीत त्यांनी नाव कमावले. १७७२ मध्ये पॅरिसच्या नामांकित वाद्यवृंदासोबत स्वतः रचलेले कन्चेर्टो व्हायोलिनवर वाजविले. पुढच्याच वर्षी ते त्या वाद्यवृंदाचे प्रमुख झाले. पण १७७६ मध्ये पॅरिस ऑपेराच्या संचालकपदासाठी त्यांचे नाव पुढे येताच तीन कलावतींनी राणीकडे अर्ज केला. मिश्रवर्णीयाचे हुकूम त्यांना पाळायचे नव्हते. पद हुकले. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांना तेव्हा गुणवत्ता का दिसली नाही?

क्रांतीनंतर, १७९२ मध्ये, कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय सैनिकांच्या पलटणीचे ते कर्नल झाले. तरी त्याच क्रांतीने त्यांना तुरुंगात टाकले. १७९९ मध्ये ते वारले. १८०२ मध्ये नेपोलियनने वसाहतींत गुलामगिरी परत आणली आणि सँ-जॉर्ज यांचे संगीत दीर्घकाळ विस्मृतीत गेले.

आज त्यांना 'काळा मोझार्ट' म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. मोझार्ट त्यांच्याहून दहा-अकरा वर्षांनी लहान! आमच्या माणसाला मोजायला दुसऱ्याचेच माप कशाला?

ग्वाडेलूपमधील उठाव चिरडणाऱ्या रिशपाँस या सेनापतीचे नाव पॅरिसच्या एका रस्त्याला होते. २००१ मध्ये ते काढून सँ-जॉर्ज यांचे नाव देण्यात आले. दोनशे वर्षांनी का होईना, पाटी बदलली.

बाबासाहेबही व्हायोलिन शिकले होते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हापासून या जंगलपट्ट्यात किती गायक, किती शाहीर झाले! त्यांच्या वह्या, चाली, नावे कोण जपणार? बांधवांनो, पाटी बदलायची तर आधी नाव ठाऊक असावे लागते. ती नावे आपणच लिहून ठेवली पाहिजेत.