रविवार मिळाला, अंथरुणावरचा पगार राहून गेला

भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव निघाले की साप्ताहिक सुटीची आठवण होते. गिरणी कामगाराला रविवार मिळवून देणारा पुढारी, ही त्यांची ओळख सार्थच आहे. मात्र, ज्या अर्जातून त्यांनी रविवार मागितला, त्याच अर्जात आणखी एक मागणी होती. कामावर जबर दुखापत झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, असे त्यांनी १८८४ साली मांडले होते. मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारपट्टीवरील ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवली, त्या घरांच्या दृष्टीने ही मागणी रविवारच्या सुटीइतकीच मोलाची होती. तिचा प्रवास मात्र फार लांबला.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात एका माळी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातले कन्हेरसर. घरची परिस्थिती बेताची असल्याने शालेय शिक्षणानंतर त्यांना नोकरी पत्करावी लागली. रेल्वे आणि टपाल खात्यात काही काळ काम केल्यानंतर ते मुंबईतील एका कापड गिरणीत कोठारावरील कारकून म्हणून रुजू झाले. या नोकरीने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. यंत्रावर राबणाऱ्या माणसाचे दिवस कसे जातात आणि महिन्याच्या शेवटी त्याच्या हातात काय पडते, हे त्यांना रोज समोर दिसत होते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते झाले. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधू’ हे पत्र आर्थिक अडचणीत आले, तेव्हा १८८० साली लोखंडे यांनी त्याची धुरा मुंबईत आपल्या खांद्यावर घेतली. गिरणीतल्या माणसाची गाऱ्हाणी त्यामुळे छापील अक्षरांत येऊ लागली.

खाड्याची धास्ती

त्या काळच्या गिरणीत दिवस उजाडताच काम सुरू होई आणि अंधार पडेपर्यंत चाले. उन्हाळ्यात हे काम तेरा-चौदा तासांवर जाई. आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. १८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला; पण त्याने लहान मुलांच्या कामाच्या तासांना तेवढी मर्यादा घातली. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाला कसलेच बंधन नव्हते.

अशा व्यवस्थेत आजारी पडणे म्हणजे खाडा. खाड्याच्या दिवसाचा पगार बुडणे तर ठरलेलेच. काही गिरण्यांत एका खाड्याबद्दल दोन दिवसांचे वेतन कापण्याची पद्धत होती. कामगार ताप येऊन पडला की त्याच्या जागी बदली उभा राही आणि दुखणे लांबले तर जागाच हातची जाण्याचे भय असे. पगार महिना उलटून गेल्यावर, बराच उशिरा हातात पडत असे. त्यामुळे वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज हे धडधाकट माणसाच्याही पाचवीला पुजलेले होते. अंथरुणाला खिळलेल्याचा हिशेब तर कधी जुळतच नसे.

या माणसांत कोकणातल्यांचा भरणा मोठा होता. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा दक्षिणेकडे मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेला होता. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १९८१ साली झाला. १९११ च्या जनगणनेच्या सुमारास मुंबईतील गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. गिरणगावातल्या गावकऱ्यांच्या खोल्यांत एकेका पथारीवर पाळीपाळीने झोपणारी आणि खानावळवालीकडे महिन्याच्या बोलीवर जेवणारी ही मंडळी होती. दुखणे चार दिवसांचे असेल तर खोलीतले गाववाले सांभाळून घेत. ते हटेना झाले की आजाऱ्याला आगबोटीत बसवून गावी धाडले जाई. पावसाळ्यात समुद्र खवळला आणि बोटी बंद झाल्या की तोही मार्ग खुंटे.

गावी आलेल्या या माणसाचे औषधपाणी कोण करी? घरातली बाईमाणसे, भाऊबंद, दोन गुंठ्यांतले भात, माडाचे चार नारळ आणि ओळखीच्या दुकानदाराची उधारीची वही. ज्या मनीऑर्डरीवर घर चाले, ती बंद झालेली असे आणि खाणारे एक तोंड वाढलेले असे. गिरणी मालकाला धडधाकट कामगार मिळत होता. तो मोडला की त्याचा भार कोकणातले घर वाहत होते. आजारपणाचा हा खर्च गिरणीच्या हिशेबाच्या वहीत कधी लिहिला गेला नाही.

परळची सभा

सरकारने १८८४ साली कारखान्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला, तेव्हा लोखंडे यांनी संधी साधली. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळ येथे गिरणी कामगारांची सभा भरली. तीन दिवसांनी पुन्हा सभा झाली. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार होऊन तो आयोगाकडे गेला. त्यातील मागण्या मोजक्या आणि स्पष्ट होत्या. दर रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत व्हावा. आणि शेवटी, गिरणीत काम करताना जबर दुखापत झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण वेतन द्यावे. जन्माचे अपंगत्व आले तर त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य तरतूद करावी.

ही मागणी केवळ कामावरील दुखापतीपुरती होती, ताप-खोकल्याच्या दुखण्याचा तीत समावेश नव्हता, हे नमूद केले पाहिजे. परंतु काम न करता घरी पडून असलेल्या माणसाचे पोटही मालकाची जबाबदारी असू शकते, हा विचारच मुळात नवा होता. जगातही तो तेव्हा नुकताच रुजत होता. जर्मनीत १८८३ साली आजारपणाच्या विम्याचा आणि १८८४ च्या जुलैमध्ये अपघात विम्याचा कायदा झाला. परळची सभा त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी भरली. ब्रिटनमध्ये आजारी कामगाराच्या विम्याचा कायदा यायला १९११ साल उजाडावे लागले.

याच चळवळीतून ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही संस्था आकाराला आली आणि लोखंडे तिचे अध्यक्ष झाले. वर्गणी भरणारे नोंदलेले सभासद, निधी, घटना यांपैकी काहीही तिच्याजवळ नव्हते. आजारी सभासदाला चार पैसे देण्याचीही सोय त्यामुळे नव्हती. सभा, सह्यांचे अर्ज आणि ‘दीनबंधू’चे स्तंभ एवढीच तिची साधने होती.

या साधनांनीच रविवार मिळाला. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या कारखाना आयोगाच्या मुंबईतील कामकाजात लोखंडे यांना स्थानिक सदस्य म्हणून स्थान मिळाले. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाच्या तासांवर मर्यादा आली आणि आठवड्याच्या सुटीला कायद्याचा आधार लाभला. जखमी कामगाराच्या वेतनाची मागणी मात्र कागदावरच राहिली.

लोखंडे यांचे कार्य गिरणीच्या फाटकापुरते नव्हते. विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी मुंबईतील न्हाव्यांना संघटित केले. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंग्यानंतर शहरात सलोखा नांदावा म्हणून ते झटले. पुढे सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला.

प्लेगच्या साथीत

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेगचा शिरकाव झाला. पुढच्या काही महिन्यांत शहर ओस पडू लागले. गिरणी कामगारांनी मिळेल त्या वाहनाने गावाची वाट धरली. कोकणाकडे जाणाऱ्या बोटींना गर्दी लोटली. ज्यांना गाव नव्हते, पैसे नव्हते किंवा उठण्याचे त्राण नव्हते, ते मागे राहिले. सरकारी रुग्णालयाची तर लोकांनी इतकी धास्ती घेतली होती की रोगी लपवून ठेवले जात.

लोखंडे मुंबईतच राहिले. गरीब आणि कामकरी लोकांना आपले वाटेल असे मराठा रुग्णालय त्यांनी उभारले आणि रुग्णांच्या सेवेत स्वतःला झोकून दिले. त्या सेवेतच त्यांना प्लेगची बाधा झाली. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती. महिनाभराने, १० मार्च रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले यांचाही प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना मृत्यू झाला. सत्यशोधक समाजाचे दोन आधारस्तंभ एकाच साथीने हिरावून नेले.

मागणीचा पुढचा प्रवास

लोखंडे यांच्या अर्जातील शेवटच्या मागणीला कायद्याचे पहिले रूप मिळाले ते १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने, म्हणजे जवळपास चाळीस वर्षांनी. त्यातही तात्पुरत्या दुखापतीसाठी सुरुवातीचे काही दिवस वगळून अर्ध्या वेतनाच्या हिशेबाने भरपाई ठरली. साध्या आजारपणाचा विचार आणखी पुढे गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे ही योजना सुरू झाली आणि १९५४ साली ती मुंबईत आली. परळच्या सभेला तोवर सत्तर वर्षे झाली होती.

आज या योजनेत महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारकाला प्रमाणित आजारपणात सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळते. क्षयासारख्या काही ठरावीक दीर्घ आजारांत ८० टक्के दराने ही मुदत वाढते. कामावरील दुखापतीमुळे तात्पुरते अपंगत्व आल्यास ते असेपर्यंत ९० टक्के रक्कम दिली जाते. आजारपणाच्या लाभासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. पगारातून कापल्या जाणाऱ्या पाऊण टक्क्यामागे आणि मालकाच्या सव्वातीन टक्क्यांमागे हा इतिहास उभा आहे. तरीही १८८४ साली मागितलेले पूर्ण वेतन या योजनेत आजही नाही. आजारी माणसाच्या घरात उरलेल्या तीस टक्क्यांची तोंडमिळवणी पूर्वीसारखीच उधारीने होते.

सिंधुदुर्गात हा प्रश्न अधिक बिकट आहे. ट्रॉलरवरचा खलाशी, माडावर चढणारा पाडेली, हंगामापुरते काजू फोडणाऱ्या स्त्रिया, दोन-चार नोकरांच्या खानावळीत राबणारा मुलगा या साऱ्यांचा कायमचा मालक कोण, हेच ठरलेले नसते. साधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होणारी ही योजना त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यांचे आजारपण अजूनही घरातल्या बायकाच निभावून नेतात.

३ मे २००५ रोजी लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. परळ येथील राज्याच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. हा गौरव उचितच आहे. रविवारची सुटी आज कोणी मागून घ्यावी लागत नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे. अंथरुणाला खिळलेल्या दिवसाचे वेतनही तितकेच गृहीत धरले जाईल, तेव्हाच साडेपाच हजार सह्यांचा तो अर्ज खऱ्या अर्थाने निकालात निघेल.