कै. दामोदर कोसंबी : गणित आधी, यंत्र मागाहून

येथे सिंगापुरात आपल्या घरची मुले संगणकशास्त्र शिकतात, तेव्हा त्यांच्या पुस्तकांत कारहुनेन व लोएव्ह ही जोडनावे येतात. त्या जोडीला एक गोमंतकीय नावही शोभले असते. ते म्हणजे कै. दामोदर धर्मानंद कोसंबी.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित. त्यांच्यासमवेत दामोदर लहानपणीच अमेरिकेस गेले व १९२९ साली हार्वर्डचे पदवीधर झाले. मायदेशी बनारस व अलीगढ येथे शिकवून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले. इतिहासकार म्हणून ते आपणांस ठाऊक आहेत. जुनी नाणी हजारोंनी तोलून त्यांनी इतिहासाला संख्याशास्त्राची जोड दिली.

फर्ग्युसनमध्ये असतानाच, १९४३ साली, इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा एक निबंध आला. पुष्कळ मापे एकमेकांत गुंतलेली असली, तर मूळ घटक वेगळे कसे करावे, हा त्यातला प्रश्न. असा गुंता आकड्यांच्या चौकटीत, म्हणजे मॅट्रिक्समध्ये मांडतात. मग मोजण्याच्या दिशा अशा फिरवायच्या की कर्णावरचे आकडे तेवढे उरावेत, बाकीचे शून्य व्हावेत. कोसंबींनी ही रीत सलग वक्ररेषांना लावून दाखवली. कारहुनेन व लोएव्ह यांचे लेख त्यानंतरचे. पण ऐन महायुद्धात भारतातला निबंध परदेशी फारसा कोणी वाचला नाही, आणि रीतीला नाव त्या दोघांचेच पडले.

पुढे कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. पुण्याहून डेक्कन क्वीनने जात-येत. १९६२ साली तेथील त्यांची नेमणूक वाढवली गेली नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अवघे ५८.

चौकट एकच असेल तर कर्णाचे काम पुरते साधते. अनेक असल्या तर एका फिरवण्याने सगळ्या साफ होत नाहीत. जमेल तितके जवळ जावे लागते. जर्मन गणिती याकोबी यांची थोडेथोडे फिरवत जाण्याची १८४६ ची युक्ती घेऊन फ्रान्सच्या कार्दोझो व सुलूमियाक यांनी १९९० च्या दशकात यासाठी संगणकाची कृती रचली. मेंदूच्या आलेखातून पापण्यांच्या उघडझापीची खूण बाजूला काढण्यास आज तसली सॉफ्टवेअरे उपयोगी पडतात.

कोसंबींच्या हाती असा संगणक नव्हता; होते ते कागद, पेन्सिल आणि चिकाटी. पुस्तकातली दोन नावे मुले वाचतीलच. तिसरे आपण घरी सांगावे.